‘स्टेशन’ या शब्दाचे पोर्तुगीज रूपांतर : पालघर–तारापूरच्या शब्दव्यवहारावरून एक परीक्षण

इंग्रजीतील ‘स्टेशन’ हा शब्द भाषांतरकाराला अवघड वाटत नाही आणि नेमकी तेथेच त्याची अडचण सुरू होते. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही त्याच्यासाठी कोश उघडला जातो. जो कळल्यासारखा वाटतो त्याच्यासाठी उघडला जात नाही. त्यातही भाषांतर पोर्तुगीजमध्ये करावयाचे असेल तर मोह अधिकच बळावतो. कारण ‘एश्तासांव’ हा शब्द हाताशी आहे. तो आणि ‘स्टेशन’ हे दोघेही एकाच लॅटिन शब्दातून उतरलेले, रूपाने सख्खी भावंडे आहेत. द्विभाषी कोशातही पहिला प्रतिशब्द म्हणून तोच येतो. त्यापुढे स्वल्पविराम देऊन आणखी चारपाच शब्द मांडलेले असतात खरे. पण कोणता शब्द कोठे वापरावा याची अट त्या स्वल्पविरामांत कोठेही नोंदलेली नसते.

या शब्दाची परीक्षा पाहण्यास पालघर, बोईसर आणि तारापूर या परिसराइतके योग्य क्षेत्र दुसरे सापडणे कठीण. एक तर या पट्ट्यावर सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज सत्ता होती, तेव्हा त्या भाषेत येथील जमिनीविषयी, गावांविषयी आणि गढ्याकोटांविषयी लिहिले गेलेले पुष्कळ आहे. दुसरे असे की इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतर ‘स्टेशन’ म्हणून ज्या ज्या गोष्टींचा उल्लेख होतो त्या बहुतेक सर्व येथे एकत्र आल्या आहेत. एक वाक्य कल्पावे. एक अधिकारी पालघर स्टेशनवर उतरला, बोईसरच्या पोलीस स्टेशनात गेला, तेथून त्याने तारापूरचे पॉवर स्टेशन पाहिले आणि मुक्कामाला तो जव्हार या हिल स्टेशनला गेला. इंग्रजीत हे वाक्य चार वेळा तोच शब्द उच्चारूनही खटकत नाही. मराठीत त्याचे वर दिले तसे रूप बोलण्यात चालून जाईल. लिहिताना मात्र कोणीही रेल्वे स्थानक, पोलीस ठाणे, अणुविद्युत केंद्र आणि थंड हवेचे ठिकाण असे चार निरनिराळे शब्द वापरील. पोर्तुगीजमध्ये तर चार शब्द वापरल्यावाचून गत्यंतरच नाही. पहिल्या जागी ‘एश्तासांव’, दुसऱ्या जागी पोर्तुगालच्या शहरी वापरात ‘एश्क्वाद्रा’ व ग्रामीण वापरात ‘पोस्तु’, तिसऱ्या जागी ‘सेंत्राल’ आणि चौथ्या जागी ‘एश्तांसिया’. ब्राझीलच्या वाचकासाठी लिहिले तर दुसऱ्याचे ‘देलेगासीया’ होईल आणि तिसऱ्याचे बहुधा ‘उझीना’.

म्हणजे या एका बाबतीत मराठी आणि पोर्तुगीज या भाषा एका बाजूला आहेत आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला. इंग्रजीचे लक्ष ‘नेमून दिलेली जागा’ या एका कल्पनेवर आहे. तेथे कोण नेमला आहे, शिपाई की आगगाडी की वीज निर्माण करणारे यंत्र, हे ती मागच्या-पुढच्या शब्दावर सोपविते. मराठी व पोर्तुगीज या दोन्ही भाषा जागेपेक्षा जागेच्या कामाकडे पाहून नाव देतात. मराठी भाषांतरकाराने इंग्रजी मजकूर थेट पोर्तुगीजमध्ये नेण्याऐवजी आधी मनातल्या मनात मराठीत आणून पाहिला, तर त्याच्या निम्म्या चुका वाटेतच गळून पडतील. हा मार्ग लांबचा वाटतो, परंतु तो सुरक्षित आहे.

पण तो सर्वत्र सुरक्षित नाही. दोन भाषांनी विभागणी केली म्हणजे विभागणीच्या रेषा एकाच जागी पडल्या असे होत नाही. विजेचे उदाहरण पाहावे. मराठीत वीज निर्माण होते ते विद्युत केंद्र आणि ती वाटली जाते ते उपकेंद्र. नात्यात कोठेही खंड नाही. पोर्तुगीजमध्ये मोठ्या केंद्राला ‘सेंत्राल’ म्हणतात, लिस्बन येथे तागस नदीकाठी असलेले जुने वीजघर ‘सेंत्राल तेजु’ याच नावाने प्रसिद्ध आहे. पण उपकेंद्राला मात्र ‘सुबएश्तासांव’ म्हणतात. मूल एका घराण्याचे आणि आई दुसऱ्या घराण्याची! पाणी शुद्ध करण्याच्या आणि पाणी उपसण्याच्या यंत्रस्थळांनाही तेथे ‘एश्तासांव’ हाच शब्द आहे. तेव्हा ‘यंत्र असेल तेथे सेंत्राल, गाडी असेल तेथे एश्तासांव’ असा सुटसुटीत नियम करू जाणारा विद्यार्थी तिसऱ्याच पानावर अडखळेल. शिवाय ‘एश्तासांव’ या शब्दाला पोर्तुगीजमध्ये ‘ऋतू’ असाही सर्रास अर्थ आहे, आणि ख्रिस्ती भक्तिमार्गातील क्रुसाच्या वाटेवरील चौदा टप्प्यांनाही तोच शब्द लागतो. या अर्थांपैकी ऋतूचा अर्थ इंग्रजी ‘स्टेशन’मध्ये नाही. भाषांतरकाराने मूळ शब्दाचे अर्थ मोजले तरी पुरत नाही. प्रतिशब्द स्वतःबरोबर कोणते पाहुणे घेऊन येतो हेही त्याला पाहावे लागते.

तारापूरच्या केंद्राच्या बाबतीत ही गोष्ट केवळ शैलीची राहत नाही. अमेरिकन तंत्रज्ञानाने उभारलेल्या येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. पुढे २००५ आणि २००६ मध्ये स्वदेशी बनावटीच्या प्रत्येकी ५४० मेगॅवॉटच्या आणखी दोन आल्या. केंद्राच्या अधिकृत इंग्रजी नावात ‘स्टेशन’ हा शब्द आहे. त्याचे शब्दशः ‘एश्तासांव’ केले तर पोर्तुगीज वाचकाला अर्थ अगदीच लागणार नाही असे नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे एखादे प्रयोगस्थळ किंवा निरीक्षणस्थळ उभे राहील, शेकडो मेगॅवॉट वीज देणारा कारखाना उभा राहणार नाही. पोर्तुगालमध्ये अणुविद्युत केंद्र नाही. तरीही शेजारच्या स्पेनमध्ये तागस नदीवर असलेल्या अल्माराझच्या केंद्राविषयी तेथे सतत लिहिले जाते, आणि त्याला ‘सेंत्राल नुक्लियार’ असेच म्हटले जाते. तारापूरला तेच नाव योग्य. ब्राझीलमध्ये आंग्रा येथे, तारापूरप्रमाणेच समुद्रकाठी, असे केंद्र आहे. तेथे संपूर्ण संकुलाला ‘सेंत्राल’ आणि त्यातील एकेका एककाला ‘उझीना’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा भेद तारापूरच्या वर्णनाला अत्यंत उपयोगी आहे, कारण येथेही एका संकुलात निरनिराळ्या काळची व निरनिराळ्या बनावटीची एकके आहेत. जाता जाता सांगावयाचे तर ब्राझीलमध्ये ‘उझीना’ हा शब्द साखर कारखान्यालाही लागतो. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी नुसते ‘कारखाना’ म्हणाला की साखरेचाच कारखाना समजावयाचा असतो. त्या वाचकाला ब्राझीलच्या या शब्दाशी ओळख करून घेण्यास वेळ लागू नये.

अणुविद्युत क्षेत्रात इंग्रजीत एक पारिभाषिक शब्दप्रयोग आहे : ‘स्टेशन ब्लॅकआउट’. केंद्राला बाहेरून मिळणारी वीज आणि केंद्रातील आणीबाणीच्या जनित्रांची वीज ही दोन्ही एकाच वेळी बंद पडणे असा त्याचा नेमका अर्थ आहे. भट्टी बंद केल्यानंतरही तिच्यातील उष्णता काही काळ निर्माण होतच राहते व ती काढून घेण्यासाठी वीज लागते, म्हणून या स्थितीचे भय मोठे. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप व त्सुनामीनंतर हेच घडले, आणि त्यानंतर भारतात ज्या केंद्रांच्या सुरक्षिततेची पुन्हा तपासणी झाली त्यांत तारापूरही होते. हा शब्दप्रयोग भाषांतरकाराने कोशातील पहिल्या प्रतिशब्दाने उतरविला तर पोर्तुगीज वाचकाला स्टेशनातील दिवे गेल्याची वार्ता मिळेल. येथे शब्दास शब्द देण्याचा हट्ट सोडून ‘केंद्राचा विद्युतपुरवठा सर्वस्वी खंडित होणे’ असे वर्णनच केले पाहिजे. वर्णन लांबते, वाक्य बोजड होते, पण जेथे चुकीच्या अर्थाची किंमत माणसांना मोजावी लागू शकते तेथे डौलदार वाक्याचा आग्रह धरणे हा भाषांतरकाराचा चैनीचा भाग होय.

आता या शब्दाच्या जुन्या इतिहासाकडे वळावे. खरा गुंता तेथे आहे.

‘स्टेशन’ला मराठीत सर्वांत जुना प्रतिशब्द ‘ठाणे’ हा आहे. तो ‘स्थान’ या संस्कृत शब्दापासून आला. ठाणे शहराचे नावही तेच. शिलाहारांच्या लेखांत त्याला श्रीस्थानक म्हटलेले आहे. पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ज्या जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला त्याच्या नावातच हा शब्द होता. १८५३ मध्ये मुंबईहून पहिली आगगाडी जेथे पोहोचली तेही ठाणेच, आणि पोर्तुगालमधील पहिली आगगाडी धावली ती त्यानंतर तीन वर्षांनी, १८५६ मध्ये. म्हणजे रेल्वेच्या अर्थाने स्टेशन लिस्बनच्या आधी श्रीस्थानकाला झाले. आज फलकावर ‘ठाणे स्थानक’ असे वाचणाऱ्या प्रवाशाच्या लक्षात येत नाही की आपण एकच शब्द दोनदा वाचीत आहोत.

संस्कृत ‘स्था’ आणि लॅटिन ‘स्तारे’ हे धातू मुळात एक. त्यामुळे ‘स्थान’, ‘ठाणे’, ‘स्थानक’, ‘संस्थान’ ही एका बाजूची आणि ‘स्टेशन’, ‘एश्तासांव’, ‘एश्तांसिया’, ‘एश्तादु’ ही दुसऱ्या बाजूची मंडळी एका कुळातील ठरतात. पोर्तुगीज आपल्या पूर्वेकडील राज्याला ‘एश्तादु दा इंडिया’ म्हणत. जव्हारचे मुकणे राजघराण्याचे राज्य १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ‘संस्थान’ म्हणून ओळखले जाई. दोन्ही शब्दांच्या पोटात उभे राहण्याचीच कल्पना आहे. व्युत्पत्तीचा हा आनंद घ्यावा, परंतु त्यावर भाषांतर उभारू नये. मूळ एक म्हणून अर्थ एक, हा समज आपल्याकडील तौलनिक भाषाभ्यासाला लागलेला जुना रोग आहे. सख्ख्या भावांची नावे एकाच कुळाची असली तरी एकाच्या ऐवजी दुसऱ्याला साक्षीला उभे करता येत नाही.

‘ठाणे’ या शब्दाचे पोर्तुगीजशी असलेले नाते मात्र केवळ कुळाचे नाही, प्रत्यक्ष देवघेवीचे आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी तेथील चालू महसूलव्यवस्था मोडली नाही. तिच्यातील अधिकाऱ्याचे नावही तसेच उचलले. ‘ठाणेदार’चा ‘तनादार’ झाला, त्यांतील मुख्य तो ‘तनादार-मोर’, आणि त्याचे क्षेत्र ती ‘तनादारीया’. गोव्यातील ग्रामसंस्थांच्या रूढी नोंदविणारा १५२६ चा जो प्रसिद्ध दस्तऐवज आहे त्यात हा तनादार-मोर येतो. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई आणि तिचा मुलूख मिळाल्यावर हीच शब्दावली उत्तरेकडे आली. सिमांव बोतेल्यु याने १५५४ मध्ये सिद्ध केलेली वसई प्रदेशाच्या उत्पन्नाची नोंद ही त्या शब्दावलीची मोठी खाण आहे. १५५९ मध्ये दमण घेतल्यानंतर तारापूर, डहाणू या बाजूचा किनाराही त्या राज्यात गोवला गेला. या सर्व प्रदेशातील गावे पोर्तुगीज सरदारांना व चाकरीतील माणसांना ठरीव फाळ्याने, काही पिढ्यांपुरती, बहुधा घोडा व हत्यारबंद माणूस बाळगण्याच्या अटीवर लावून दिली जात. तनादार हा या यंत्रातील महत्त्वाचा दुवा होता. त्याच्या हाताशी शिपाई असत, परंतु तो पोलीस नव्हता. वसूल, तंटे, गावांवरील नजर आणि गरजेप्रमाणे बचाव ही सर्व कामे त्याच्या ठायी एकवटलेली होती.

येथून शब्दाचा तिसरा प्रवास सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्याला ‘ठाणा’ म्हटले की पोलिसांची चौकी आठवे, कारण उत्तर हिंदुस्थानात त्याच्या राज्यकारभाराने त्या शब्दाला तोच अर्थ दिला होता. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात ठाणा हा शब्द पोलीस स्टेशन या अर्थाने दिलेला आहे. मूळ अर्थ तटबंदीची, शिबंदी असलेली जागा असा होता हेही तेथे नोंदले आहे, पण वाचकाच्या मनात राहतो तो पहिला अर्थ. अशा इंग्रजी लेखनाचा आधार घेऊन जेव्हा आजचा अभ्यासक पोर्तुगीजमध्ये लिहितो, तेव्हा वर्तुळ पुरे होते आणि त्यातून एक विचित्र गोष्ट निष्पन्न होते. मराठी ‘ठाणे’ पोर्तुगीजमध्ये गेले, तेथे दोन शतके नांदले, इंग्रजीत ‘स्टेशन’ या नावाने वावरले, आणि पोर्तुगीजमध्ये परतताना ‘पोस्तु’ किंवा ‘एश्तासांव’ होऊन आले. ज्या भाषेने तो शब्द स्वतः घडविला होता त्या भाषेतच तो परक्याचा म्हणून उतरविला गेला.

यात हानी शब्दाची नाही, इतिहासाची आहे. माहीम, तारापूर, अशेरी, डहाणू ही नावे ज्या कागदांत तनादारीच्या संदर्भात येतात ते कागद मुळात जमिनीविषयीचे आहेत. कोणाचे भात, कोणाची माडाची बाग, कोणाकडून किती फाळा, कोणत्या गावावर कोणाचा हक्क, हा त्यांचा विषय आहे. त्यांतील तनादार ‘पोलीस चौकीचा प्रमुख’ म्हणून वाचला गेला की महसुलाची व्यवस्था बंदोबस्ताची व्यवस्था म्हणून वाचली जाते. वाडवळ, भंडारी, मांगेले, कोळी आणि वारली यांच्या श्रमावर उभारलेला डोलारा दिसेनासा होतो व उरतो तो केवळ किनाऱ्यावर पहारा करणारा एक शिपाई. या पट्टीच्या सामाजिक इतिहासाची साधने तुटपुंजी आहेत. जी आहेत त्यांचा मुख्य विषयच एका शब्दाच्या घसरणीमुळे बदलावा हे परवडणारे नाही.

मराठी बाजूच्या कागदांत आणखी एक निराळा अर्थ आढळतो. वसईच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर मराठ्यांच्या हाती आले व मे महिन्यात खुद्द वसई पडली. मराठी पत्रव्यवहारात व बखरींत ‘ठाणे घेणे’, ‘ठाणे बसविणे’, ‘ठाणे उठविणे’ असे प्रयोग रूढ होते. येथे ठाणे म्हणजे इमारत नव्हे आणि कचेरीही नव्हे; जिंकलेल्या जागी आपली माणसे व आपले निशाण ठेवून अंमल बसविण्याची ती कृती आहे. ‘ठाण मांडून बसणे’ या आजच्या वाक्प्रचारात त्या कृतीचा ठसा अजून शिल्लक आहे. पोर्तुगीजमध्ये याला जवळचा शब्द ‘प्रासा’ हा आहे, कारण तटबंदीच्या व शिबंदीच्या जागेला त्या काळचे पोर्तुगीज स्वतः ‘प्रासा’ म्हणत. लहान जागेला ‘पोस्तु’ चालेल. इंग्रजी इतिहासग्रंथांतील ‘मराठा स्टेशन’ या शब्दाचे मात्र ‘एश्तासांव’ कदापि होऊ नये. मराठ्यांनी तारापुरास ऋतू बसविले की आगगाडी आणली, असा प्रश्न वाचकाला पडावा हे काही भाषांतराचे यश नव्हे. पोलीस ठाण्याला वापरला जाणारा ‘एश्क्वाद्रा’ हा शब्दही या कालखंडात तितकाच घातक आहे. अठराव्या शतकातील पोर्तुगीज कागदात ‘एश्क्वाद्रा’ आला तर तो आरमाराचा ताफा समजावा. केळवे–माहीमपासून तारापूर–डहाणूपर्यंतच्या खाड्यांसमोर असा ताफा उभा असणे आणि बोईसरला पोलीस ठाणे असणे यांत केवढे अंतर आहे हे सांगण्याची गरज नाही.

देवघेव एकतर्फी झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या ‘तुरुंग’ या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘त्रोंकु’मध्ये आहे. पोर्तुगिजांनी आपल्याकडून ठाणे घेतले आणि तुरुंग दिला, असे कोणी म्हटले तर ते व्याकरणदृष्ट्या चूक ठरणार नाही.

अँग्लो-इंडियन इंग्रजीत ‘स्टेशन’ला आणखी एक छटा होती व ती आज जवळजवळ विरून गेली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे गोरे अधिकारी, त्यांची कुटुंबे, त्यांचा क्लब, या सर्व समाजालाच ‘स्टेशन’ म्हणत. ‘हिल स्टेशन’ हा प्रयोग याच कल्पनेतून निघाला : उन्हाळ्यात तो समाज डोंगरावर जाऊन राही ती जागा. जव्हारला आज हिल स्टेशन म्हणतात तेव्हा त्या समाजाचा काही संबंध उरलेला नसतो. थंड हवा एवढाच अर्थ राहतो, आणि पोर्तुगीज ‘एश्तांसिया’ त्याला पुरेसा आहे, कारण त्या शब्दातही हवापालटाची व विश्रांतीची जागा हाच अर्थ मुख्य आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील पत्रात ‘स्टेशनला ती गोष्ट आवडली नाही’ असे वाक्य आले तर तेथे ना ‘एश्तासांव’ चालेल ना ‘एश्तांसिया’. तेथे ‘इंग्रज वसाहतीला’ किंवा ‘तेथील इंग्रज समाजाला’ असाच अर्थ द्यावा लागेल. समाजातील दर्जा या अर्थाचा ‘स्टेशन’ त्याहून वेगळा. त्याला मराठीत ‘पायरी’ हा फार नेमका शब्द आहे. पायरी ओळखून वागावे, पायरी सोडू नये, असे आपण म्हणतो. पोर्तुगीजमध्ये ‘कोंदिसांव’ त्याच्या जवळ येतो, पण पायरीतील चढउताराचे चित्र त्यात नाही. हा एक प्रसंग असा की मराठी भाषांतर इंग्रजी मूळापेक्षाही अधिक बोलके होते.

रेल्वेच्या अर्थात मात्र सर्वांचे एकमत दिसते. मुंबई–सुरत लोहमार्ग १८६४ च्या सुमारास पुरा झाला आणि पालघर, बोईसर ही गावे त्याच्यावर आली. एका जिल्ह्याच्या शब्दव्यवहारावर लोहमार्ग किती परिणाम करतो याचे हे उदाहरण पाहण्याजोगे आहे : १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये हा तालुका माहीम तालुका म्हणून आहे, समुद्राकाठच्या जुन्या ठाण्याचे नाव त्याला आहे; पुढे तो पालघर तालुका झाला, म्हणजे ठाण्याचा मान स्टेशनकडे गेला. गोव्यात मुरगावचा लोहमार्ग १८८० च्या दशकात इंग्रज भांडवलाच्या कंपनीने बांधला, तेव्हा इंग्रजीतील ‘स्टेशन’ पोर्तुगीज हद्दीत ‘एश्तासांव’ झाला, आणि त्या बाबतीत कोणाला शंका आली नाही. अडचण याच सुलभतेतून उत्पन्न होते. शब्दाचा सर्वांत अलीकडचा व सर्वांत ठळक अर्थ जुळला की जुने अर्थही जुळतील असे गृहीत धरले जाते.

कोशकारांपैकी या प्रश्नात सर्वांत अधिक साहाय्य मोन्सिन्योर सेबास्त्यांव रोदोल्फु दालगादु यांचे होते. त्यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रह १९१९ ते १९२१ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात पौर्वात्य शब्द पोर्तुगीज ग्रंथांतील उताऱ्यांसह दिलेले आहेत, त्यामुळे ‘तनादार’सारख्या शब्दाचा अर्थ काळाबरोबर कसा सरकत गेला हे डोळ्यांनी पाहता येते. स्वल्पविरामांनी प्रतिशब्द मांडणाऱ्या कोशाहून ही पद्धत किती श्रेष्ठ आहे याविषयी दुमत होऊ नये. तिची मर्यादा एवढीच की इंग्रजीकडून येणाऱ्या माणसाला हे दार सापडत नाही. ‘स्टेशन’ पासून निघालेला विद्यार्थी इंग्रजी-पोर्तुगीज कोशातून ‘एश्तासांव’वर पोहोचतो आणि तेथेच थांबतो, ‘तनादारीया’ हा एके काळी याच अर्थक्षेत्रातील शब्द होता हे त्याला कोण सांगणार? मराठी जाणणाऱ्याला ते आपोआप कळते. म्हणून वसई, पालघर आणि दमण या भागांविषयीच्या इंग्रजी साधनांचे पोर्तुगीज भाषांतर मराठीचे ज्ञान असलेल्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय विश्वसनीय मानू नये, असे म्हणण्यास जागा आहे.

उलट दिशेचा प्रश्नही विद्यापीठातील संशोधकांपुढे येतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यातील कागद प्रकाशात आणल्यापासून पोर्तुगीज साधने मराठीत आणण्याची गरज सर्वमान्य झाली आहे. अशा भाषांतरात ‘तनादार’ या शब्दाचे काय करावे? ‘ठाणेदार’ लिहिले तर शब्द स्वगृही परत आला असे समाधान मिळते. पण आजच्या मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाने खाकी गणवेश उभा राहतो, आणि जो दोष इंग्रजीमार्गे झाला तोच घरच्या घरी घडतो. यास्तव ‘तनादार’ हे पोर्तुगीज रूपच मराठीत ठेवावे. ते कानाला परके वाटते, आणि तेच हवे आहे. ते परकेपण वाचकाला सावध करते की ही संस्था ओळखीच्या नावाची असली तरी ओळखीची नाही. यावर असा आक्षेप येईल की मग मराठी कागदांतील ठाणेदार आणि पोर्तुगीज कागदांतील तनादार हे एकाच गावी, चारदोन वर्षांच्या अंतराने, दोन नावांनी वावरतील व तारापूरचा इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत होईल. आक्षेप खरा आहे. मात्र १७३९ च्या अलीकडे आणि पलीकडे त्या गावी बसणारा अधिकारी एकच नव्हता. त्याचा धनी, त्याचा हिशेब आणि त्याच्या वसुलाची रीत निराळी होती. दोन नावे राहिली तर त्या वर्षाची खूण मजकुरात आपोआप राहील.